एससीपी

एससीपी, अर्थात ‘सिक्युअर कॉपी’, ही जाळ्याने जोडलेल्या दोन संगणकांमध्ये फाइलींची सुरक्षित नक्कल करण्यासाठी वापरली जाणारी आज्ञा आहे. ती युनिक्स, लिनक्स, मॅकओएस आणि विंडोज या संगणकप्रणालींवर कमांड लाइनवरून चालवतात. या आज्ञेमागील मूळ प्रोटोकॉललाही एससीपी असेच म्हणतात. फाइलीतील मजकूर, वापरकर्त्याची ओळख आणि पासवर्ड ही सर्व माहिती एसएसएच, म्हणजेच ‘सिक्युअर शेल’, या कूटबद्ध मार्गातून जाते. त्यामुळे वाटेत ती कोणी टिपली तरी वाचता येत नाही आणि कोणी तीत बदल केल्यास तो लगेच उघड होतो.

ही आज्ञा मूलतः टाटू य्लोनेन आणि टिमो रिन्ने यांनी लिहिली. आज तिची सर्वाधिक प्रचलित आवृत्ती ओपनएसएसएच या मुक्त सॉफ्टवेअर संचात मिळते. एप्रिल २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओपनएसएसएच ९.० पासून या आज्ञेचे नाव आणि वापरण्याची रीत तीच राहिली. मात्र आतील जुन्या प्रोटोकॉलची जागा एसएफटीपी या प्रोटोकॉलने घेतली.

## पार्श्वभूमी

एका संगणकावरील फाइल दुसऱ्या संगणकावर पाठवण्याची गरज संगणकांची जाळी निर्माण होताच भासू लागली. एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी एफटीपी या फाइल हस्तांतरण प्रोटोकॉलचा पहिला मसुदा मांडला. भूषण हे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर असून त्या वेळी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे कार्यरत होते. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठे व संशोधनसंस्था होत्या आणि परस्परविश्वास गृहीत धरला जात असे. त्यामुळे पासवर्ड व मजकूर उघड्या स्वरूपात पाठवण्यात कोणाला धोका वाटला नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने १९८३ मध्ये युनिक्सची ४.२बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात आरसीपी, आरएसएच आणि आरलॉगिन या आज्ञांचा समावेश होता. यांतील आरसीपी, म्हणजे ‘रिमोट कॉपी’, ही एससीपीची थेट पूर्वज होय. तिची रचना सुटसुटीत होती, परंतु तिच्यात दोन मूलभूत उणिवा होत्या. पहिली म्हणजे सर्व मजकूर उघडा जात असे. दुसरी उणीव ओळख पटवण्याच्या पद्धतीत होती. समोरचा संगणक ज्या नावाने किंवा पत्त्याने येई, त्यावर विश्वास ठेवून त्याला पासवर्डशिवायही प्रवेश देता येई. दुसऱ्याचे नाव व पत्ता धारण करून येणाऱ्या तोतया संगणकापुढे ही व्यवस्था निष्प्रभ ठरत असे.

त्या काळच्या स्थानिक जाळ्यांत एकाच तारेवरील प्रत्येक संगणकाला इतरांची पाकिटे दिसू शकत. एखाद्या संगणकावर ती टिपणारा प्रोग्राम बसवला, की जाळ्यावरून जाणारे पासवर्ड आपोआप गोळा होत. उघडे पोस्टकार्ड जसे वाटेत कोणालाही वाचता येते, तसाच हा प्रकार होता.

## इतिहास

### एसएसएचचा उदय

फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्या विद्यापीठाच्या जाळ्यावर १९९५ मध्ये पासवर्ड टिपण्याचा असाच एक हल्ला झाला. तेथील संशोधक टाटू य्लोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली आणि जुलै १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. उघड्या पद्धतीने चालणाऱ्या एफटीपीसाठी २१ आणि टेलनेटसाठी २३ हे पोर्ट क्रमांक ठरलेले होते. त्यांच्यामधील २२ हा क्रमांक मोकळा असल्याने य्लोनेन यांनी तो मागून घेतला. एसएसएचची आणि पर्यायाने एससीपीची रहदारी आजही सामान्यतः याच क्रमांकावरून चालते.

आरएसएचच्या जागी एसएसएच आणि आरसीपीच्या जागी एससीपी अशी ही मांडणी होती. एससीपी लिहिताना बर्कलीच्या आरसीपीचाच आधार घेण्यात आला. फाइली पाठवण्याची भाषा जुनीच राहिली. ती बोलण्याचा मार्ग तेवढा कूटबद्ध झाला. या निर्णयामुळे वापरकर्त्यांना नवे काही शिकावे लागले नाही आणि नव्या आज्ञेचा प्रसार वेगाने झाला. परंतु आरसीपीच्या रचनेतील काही दोषही त्याबरोबर वारशाने आले आणि ते पुढे अनेक वर्षे टिकले.

### ओपनएसएसएच आणि प्रमाणीकरण

य्लोनेन यांच्या सॉफ्टवेअरचा परवाना पुढील आवृत्त्यांत अधिकाधिक बंधनकारक होत गेला. त्यामुळे ओपनबीएसडी प्रकल्पातील विकसकांनी मुक्त परवान्याच्या एका जुन्या आवृत्तीवरून ओपनएसएसएच तयार केले. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी २.६ बरोबर ते प्रथम उपलब्ध झाले.

एसएसएच प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने प्रमाणित केली. पहिल्या आवृत्तीत सुरक्षाविषयक त्रुटी आढळल्या होत्या. ऑक्टोबर २०१७ मधील ओपनएसएसएच ७.६ मधून ती पूर्णपणे वगळण्यात आली. एससीपीच्या प्रोटोकॉलचे मात्र असे औपचारिक प्रमाणीकरण कधीच झाले नाही. प्रत्यक्ष प्रोग्रामचे वर्तन हाच त्याचा नियम ठरला.

## कार्यपद्धती

एससीपीचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात एसएसएच सुरक्षित मार्ग उभारते, तर दुसऱ्या टप्प्यात त्या मार्गातून फाइली पाठवल्या जातात.

मार्ग उभारताना दोन्ही संगणक प्रथम एका सामाईक गुप्त किल्लीवर सहमत होतात. यासाठी व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तत्त्वावर आधारित पद्धती वापरतात. तिचे वैशिष्ट्य असे, की सर्व देवाणघेवाण ऐकणाऱ्यालाही ती किल्ली काढता येत नाही. याच वेळी दूरस्थ संगणक आपल्या कायमस्वरूपी किल्लीने स्वाक्षरी करून स्वतःची ओळख पटवतो. त्यानंतर सर्व मजकूर कूटबद्ध होतो आणि मजकुरात फेरफार झाला नाही ना, हे प्रत्येक पाकिटाबरोबर तपासले जाते. वापरकर्त्याची ओळख यानंतरच विचारली जाते. म्हणून त्याचा पासवर्ड उघड्या स्वरूपात कधीच जाळ्यावर जात नाही.

मूळ एससीपी प्रोटोकॉलमध्ये या मार्गातून दूरस्थ संगणकावर एससीपीचीच दुसरी प्रत सुरू केली जाते. एक प्रत पाठवणारी, तर दुसरी स्वीकारणारी असते. पाठवणारी प्रत प्रत्येक फाइलीपूर्वी एक ओळ पाठवते. तिच्यात फाइलीच्या परवानग्या, बाइटमधील आकार आणि नाव एवढीच माहिती असते. स्वीकारणारी प्रत शून्य मूल्याचा एक बाइट पाठवून होकार देते आणि मग मजकूर येऊ लागतो. इशाऱ्यासाठी १ आणि गंभीर चुकीसाठी २ हे मूल्य ठरलेले आहे. निर्देशिका सुरू झाली किंवा संपली, हे सांगणाऱ्या स्वतंत्र ओळी असतात. यापलीकडे या प्रोटोकॉलला काही येत नाही. दूरस्थ फाइलींची यादी मागणे, नाव बदलणे, फाइल पुसणे किंवा अर्धवट राहिलेली नक्कल पुढे चालू करणे या सोयी त्यात नाहीत.

एससीपी फाइलीचा मजकूर जसाच्या तसा पाठवते. एफटीपीमध्ये ओळींच्या शेवटच्या खुणा संगणकप्रणालीनुसार बदलून देण्याची सोय असते, तशी ती येथे नाही. त्यामुळे युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर नक्कल केल्यावर आपोआप युनिकोडमध्ये येत नाही. तो वाचण्यासाठी दुसऱ्या संगणकावरही तोच फाँट लागतो.

## वापर

एससीपीची वाक्यरचना सोपी आहे. आधी आज्ञेचे नाव, मग आवश्यक ते पर्याय, त्यानंतर मूळ फाइल आणि शेवटी ती जेथे ठेवायची ते ठिकाण असा क्रम असतो. दूरस्थ ठिकाण लिहिताना वापरकर्त्याचे नाव, ॲट चिन्ह (@), संगणकाचे नाव, अपूर्णविराम (:) आणि मार्ग हे घटक मध्ये जागा न सोडता लिहितात. प्रत्यक्षात आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावी लागते. खालील उदाहरणांत ती उच्चारानुसार देवनागरीत दिली आहे.

स्वतःच्या संगणकावरील फाइल दूरस्थ संगणकावर पाठवण्यासाठी:

एससीपी अहवाल.पीडीएफ सुधा@ग्रंथालय:कागदपत्रे/

दूरस्थ संगणकावरील फाइल चालू निर्देशिकेत आणण्यासाठी:

एससीपी सुधा@ग्रंथालय:कागदपत्रे/अहवाल.पीडीएफ .

दुसऱ्या उदाहरणाच्या शेवटचा बिंदू आज्ञेचाच भाग असून त्याचा अर्थ ‘सध्याची निर्देशिका’ असा आहे. दूरस्थ मार्गाच्या आरंभी तिरकी रेघ (/) नसेल, तर तो मार्ग त्या वापरकर्त्याच्या तेथील गृहनिर्देशिकेपासून मोजला जातो.

या रचनेत अपूर्णविरामाला विशेष महत्त्व आहे. तो लिहायचा राहिल्यास एससीपीला दूरस्थ संगणकाचा उल्लेख दिसत नाही. मग ‘सुधा@ग्रंथालय’ याच नावाची एक फाइल स्वतःच्या संगणकावर तयार होते आणि चुकीचा कोणताही संदेश मिळत नाही. याउलट, स्थानिक फाइलीच्या नावातच अपूर्णविराम असल्यास तिच्या आधी बिंदू व तिरकी रेघ (./) लिहावी लागते, अन्यथा अपूर्णविरामापूर्वीचा भाग संगणकाचे नाव समजला जातो.

ठरलेल्या ठिकाणी त्याच नावाची फाइल आधीपासून असल्यास एससीपी परवानगी न विचारता तिच्यावर नवी फाइल लिहिते आणि जुना मजकूर नष्ट होतो. त्यामुळे दोन्ही ठिकाणे एकदा वाचून मगच आज्ञा देणे आवश्यक ठरते.

### प्रमुख पर्याय

पर्याय संयोगचिन्हानंतर (-) एका रोमन अक्षराने देतात. लहान आणि मोठ्या लिपीतील अक्षरांचे अर्थ वेगळे असतात.

* लहान आर – निर्देशिका तिच्यातील सर्व फाइली व उपनिर्देशिकांसह पाठवणे. वाटेत आलेल्या सांकेतिक दुव्यांचा मागोवा घेऊन मूळ फाइलींचीच नक्कल होते.
* लहान पी – फाइलीतील शेवटच्या बदलाची व वाचनाची वेळ आणि तिच्या परवानग्या कायम राखणे.
* मोठा पी – २२ खेरीज अन्य पोर्ट क्रमांक देणे. एसएसएचच्या आज्ञेत याच कामासाठी लहान पी वापरतात, तर एससीपीत लहान पीचा अर्थ आरसीपीपासून ठरलेला असल्याने मोठे अक्षर घ्यावे लागले.
* मोठा सी – मजकूर पाठवताना संकुचित करणे. संथ जोडणीवर साध्या मजकुराच्या फाइलींसाठी हे उपयुक्त आहे. छायाचित्रे व चित्रफिती आधीच संकुचित असल्याने त्यांना विशेष लाभ होत नाही.
* लहान एल – वेगावर मर्यादा घालणे. ही मर्यादा प्रतिसेकंद किलोबिटमध्ये देतात. प्रतिसेकंद सुमारे १ मेगाबाइट वेग हवा असल्यास ८,००० हा आकडा द्यावा लागतो.
* लहान आय – ओळख पटवण्यासाठी वापरायच्या खाजगी किल्लीची फाइल सांगणे.
* लहान व्ही – जोडणीचा प्रत्येक टप्पा पडद्यावर दाखवणे. जोडणी का होत नाही, हे शोधताना याचा उपयोग होतो.
* मोठा ओ – ओपनएसएसएच ९.० व पुढील आवृत्त्यांत जुनाच एससीपी प्रोटोकॉल वापरण्यास सांगणे.

### देवनागरी नावांच्या फाइली

आधुनिक प्रणालींवर फाइलींची नावे देवनागरीत देता येतात आणि एससीपी ती सामान्यतः अडथळ्याविना पाठवते. मात्र यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा व हलन्तचिन्ह यांना प्रत्येकी ३ बाइट लागतात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द अशा १० घटकांचा असल्याने तो ३० बाइट व्यापतो. लिनक्सवरील बहुतेक फाइलव्यवस्थांत नावाची कमाल मर्यादा २५५ बाइट आहे. म्हणजेच देवनागरी नाव ८५ घटकांपेक्षा मोठे असू शकत नाही.

दुसरी अडचण ‘ऱ’ या अक्षराची आहे. युनिकोडमध्ये हे अक्षर एकसंध स्वरूपात किंवा ‘र’ व त्याखालील नुक्ता अशा दोन घटकांत लिहिता येते. मॅकओएसची जुनी एचएफएस प्लस ही फाइलव्यवस्था नावे विघटित स्वरूपात साठवत असे. अशा संगणकावरून आलेले ‘ऱ्हास’ हे नाव लिनक्सवर तसेच दिसते, परंतु टंकून शोधल्यास सापडत नाही. किंवा एकसारख्या दिसणाऱ्या नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी राहू शकतात.

## ओळख व सुरक्षा

### दूरस्थ संगणकाची ओळख

एखाद्या संगणकाशी प्रथमच जोडणी होताना त्याच्या किल्लीचा ठसा पडद्यावर दाखवला जातो आणि पुढे जायचे का, असे विचारले जाते. हा ठसा म्हणजे त्या किल्लीवरून काढलेली अक्षरे व अंक यांची एक मालिका असते. होकार दिल्यास किल्लीची नोंद वापरकर्त्याच्या संगणकावर होते आणि पुढील प्रत्येक वेळी तिच्याशी तुलना केली जाते.

एससीपीची सुरक्षा या पहिल्या होकारावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. वाटेतील एखादा संगणक आपणच अपेक्षित सर्व्हर असल्याची बतावणी करत असेल, तर कूटबद्ध मार्ग त्याच्यापर्यंतच उभारला जाईल. पासवर्ड व फाइली सुरक्षितपणे, परंतु चुकीच्या हाती पडतील. म्हणून ठसा सर्व्हरच्या व्यवस्थापकाकडून दूरध्वनी, छापील पत्रक अशा वेगळ्या मार्गाने मिळवून पडताळणे ही योग्य रीत होय. पुढे कधी किल्ली बदलल्याचा इशारा मिळाल्यास त्याची दोन कारणे संभवतात. सर्व्हरवर संगणकप्रणाली नव्याने बसवलेली असते, किंवा मध्ये कोणीतरी तोतया आलेला असतो. यांतील कारण कोणते, हे कळेपर्यंत जुनी नोंद पुसून पुढे जाणे धोक्याचे असते.

### वापरकर्त्याची ओळख

वापरकर्ता पासवर्डने किंवा किल्ल्यांच्या जोडीने आपली ओळख पटवतो. दुसऱ्या पद्धतीत सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवतात, तर खाजगी किल्ली वापरकर्त्याकडेच राहते आणि ती जाळ्यावरून कधीच पाठवली जात नाही. खाजगी किल्लीची फाइल इतरांना वाचता येण्याजोगी असल्यास ओपनएसएसएच ती वापरण्यास नकार देते. ही फाइल चोरीस गेल्यासही तिचा गैरवापर होऊ नये म्हणून तिला स्वतंत्र परवलीचे वाक्य लावता येते.

## त्रुटी

कूटबद्ध मार्गामुळे तिऱ्हाइताचा धोका टळला, तरी जोडणीच्या दुसऱ्या टोकाचा सर्व्हरच अप्रामाणिक असेल तर काय, या प्रश्नाकडे आरसीपीच्या रचनेत लक्ष दिलेले नव्हते. फाइल मागवली जाते तेव्हा तिचे नाव सर्व्हर सांगतो आणि स्वीकारणारी प्रत त्यावर विश्वास ठेवते. एफ-सिक्युअर या संस्थेतील हॅरी सिंटोनेन यांनी या विश्वासाचा गैरवापर कसा होऊ शकतो, हे दाखवून दिले. ही माहिती जानेवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. मागितलेल्या फाइलीऐवजी भलतीच फाइल पाठवणे, निर्देशिकेच्या परवानग्या बदलणे आणि पडद्यावरील संदेशांत फेरफार करून हे सर्व लपवणे असे प्रकार त्यामुळे शक्य होते. या दोषांचे मूळ १९८३ च्या आरसीपीत होते. म्हणजे ते सुमारे ३५ वर्षे तसेच राहिले होते.

यानंतर आलेल्या फाइलींची नावे मागणीशी ताडून पाहण्याची व्यवस्था करण्यात आली. तथापि, एप्रिल २०१९ मधील ओपनएसएसएच ८.० प्रसिद्ध करताना विकसकांनी एससीपी प्रोटोकॉल कालबाह्य व दुरुस्तीस अवघड असल्याचे नमूद केले आणि त्याऐवजी एसएफटीपी किंवा आरसिंक वापरण्याची शिफारस केली. २०२० मध्ये आणखी एक दोष पुढे आला. दूरस्थ मार्ग तेथील शेलकडून वाचला जात असल्याने, मार्गात विशिष्ट चिन्हे घालून त्या संगणकावर दुसरीच आज्ञा चालवता येत असे. ज्या वापरकर्त्यांना फक्त फाइली पाठवण्याची मुभा आहे, त्यांच्या बाबतीत हा दोष गंभीर ठरतो.

## एसएफटीपीकडे स्थित्यंतर

ऑगस्ट २०२१ मधील ओपनएसएसएच ८.७ मध्ये एससीपीच्या आज्ञेतून एसएफटीपी वापरण्याची प्रायोगिक सोय झाली आणि ९.० मध्ये तीच नेहमीची पद्धत ठरली. एसएफटीपीत नावे दूरस्थ शेलकडे सोपवली जात नाहीत. त्यामुळे नावातील रिकाम्या जागा व विशेष चिन्हांसाठी दुहेरी अवतरणे देण्याची गरज उरली नाही आणि वर उल्लेखिलेला दोषही टळला. दोन दूरस्थ संगणकांमधील नक्कल ८.७ पासून वापरकर्त्याच्या संगणकामार्गे होते. त्यामुळे एका सर्व्हरवर दुसऱ्याचा पासवर्ड किंवा किल्ली उघड करावी लागत नाही.

या बदलाचा काही ठिकाणी अडथळाही होतो. लहान राउटरवर वापरल्या जाणाऱ्या ड्रॉपबेअरसारख्या आटोपशीर एसएसएच सर्व्हरबरोबर एसएफटीपी नेहमीच नसते. अशा वेळी मोठा ओ हा पर्याय देऊन जुना प्रोटोकॉल वापरावा लागतो. दूरस्थ शेलच्या विशेष सोयींवर विसंबून लिहिलेल्या जुन्या आज्ञावलींतही दुरुस्ती करावी लागते.

## अन्य साधनांशी तुलना

* एसएफटीपी – दूरस्थ फाइलींची यादी पाहणे, नाव बदलणे, पुसणे आणि खंडित नक्कल पुढे चालू करणे या सोयी देते. नावात साम्य असले, तरी एफटीपीशी त्याचा रचनात्मक संबंध नाही.
* आरसिंक – अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले साधन. दोन्ही बाजूंच्या फाइलींची तुलना करून ते फक्त बदललेला भाग पाठवते. वारंवार राखीव प्रती घेण्यासाठी ते अधिक योग्य आहे. एसएसएचच्या मार्गातून ते सुरक्षितपणे चालवता येते.
* विनएससीपी व पीएससीपी – विंडोजवरील साधने. विनएससीपीत खिडक्या व चित्रचिन्हे असलेला दर्शनी भाग आहे; पीएससीपी हे पुटी या संचातील कमांड लाइनवरील साधन आहे. २०१८ पासून विंडोज १० मध्ये ओपनएसएसएचची एससीपीही समाविष्ट आहे.

## आजचे स्थान

संकेतस्थळांचे व्यवस्थापन, भाड्याने घेतलेले सर्व्हर आणि संशोधनसंस्थांतील महासंगणक यांसाठी एससीपी आजही नित्य वापरात आहे. राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत उभारलेल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकापर्यंत संशोधक एसएसएचद्वारेच पोहोचतात आणि आपली माहिती एससीपी किंवा तत्सम साधनाने तेथे नेतात. मोठ्या व महत्त्वाच्या फाइलींच्या बाबतीत नक्कल पूर्ण झाल्यावर दोन्ही ठिकाणी एसएचए-२५६ पद्धतीने ठसा काढून ताडून पाहण्याचा प्रघात आहे. दोन्ही ठसे जुळल्यास फाइल अक्षरशः तीच असल्याची खात्री पटते आणि त्यानंतरच मूळ प्रत पुसणे सुरक्षित मानले जाते.